पाऊस बदलला म्हणता, मग शेतात काय बदललंत? (गोवा)

वाळपईकर
नमस्कार मंडळी, इथे गोव्यातले शेती करणारे किंवा घरची शेती असणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. आमच्या सत्तरीत आता कुणाच्याही पडवीत बसा, पावसाचं काय खरं राहिलं नाही हे ऐकायला मिळतंच. पण "का बदलला?" असं विचारलं की प्रत्येकाचं वेगळं. कोण म्हणतो देवाची मर्जी, कोण म्हणतो खाणींनी वाट लावली, कोण म्हणतो डोंगर कापले आणि कॉलेजातली पोरं म्हणतात ग्लोबल वॉर्मिंग.

मला जे दिसतंय ते असं की ज्याचं उत्तर जे, तशी त्याची शेती होत जाते. "दोन वर्षं वाईट गेली, तिसरं बरं येईल" म्हणणारा तेच बी त्याच मिरगाला पेरतो. खाणीला नायतर बिल्डरला धरणारा ग्रामसभेत पोटतिडकीने बोलतो, पण शेतात काही हलवत नाही, कारण त्याच्या मते दुरुस्ती दुसऱ्याने करायची आहे. आणि "जगाचंच हवामान फिरलंय" म्हणणाऱ्यांत दोन तट, थोडे जण जात बदलतात, वेळ बदलतात, बाकीचे म्हणतात जगापुढे आपण काय करणार, आणि भात सोडून देतात. म्हणजे ज्यांना कारण सगळ्यात नीट कळलंय त्यांच्यातलेच कित्येक सगळ्यात आधी शेत सोडतायत, ही गोष्ट मला झोपू देत नाही.

आमचं सांगतो. काजूची बाग आहे, नदीकडेला थोडं भात. २३ जुलै २०२१ ला म्हादईला पूर आला, १९८२ नंतर एवढं पाणी बघितलं नव्हतं असं जुनी माणसं सांगत होती, खालच्या शेतात रेती येऊन बसली. मग २०२३ चा फेब्रुवारी, देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम, ऐन मोहोरात काजूची फुलं करपली आणि मार्चमध्ये आमच्या बाजूच्या जंगलांना आगी लागल्या. त्यानंतर बागेत दोन गोष्टी बदलल्या. जुनी बियांची झाडं मरतील तिथे कलमं लावतोय, पण सगळी एका जातीची नाहीत, थोडी वेंगुर्ला-४, थोडी वेंगुर्ला-७, थोडी गोवा-१, म्हणजे सगळा मोहोर एकाच उन्हात सापडणार नाही. आणि पाला जाळायचं बंद केलं, झाडाच्या बुंध्याशी तोच पाला पसरतो, फक्त बागेच्या हद्दीला पट्टा साफ ठेवतो आगीसाठी. शेजारी विचारतात एवढा उपद्व्याप कशाला. मी मानतो की असा फेब्रुवारी परत येणार आहे, ते मानतात की तो एकदाच आला.

तर सांगा, तालुका कुठला, पीक काय, पाऊस का बदलला असं तुम्हाला वाटतं, आणि शेतात खरोखर काय बदललंत.

दिवाडकर
छान धागा. आमचं खाजन, दिवाडी बेटावर. खाजन माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं, भरतीला पाण्याच्या दाबानेच मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. गोव्यात अशी साधारण १८ हजार हेक्टर खाजनं सांगतात, त्यातली किती कसली जातात ते डोळ्यांना दिसतंच.

इथे सगळं मिठावर चालतं. पहिले दणदणीत पाऊस मातीतलं मीठ धुऊन नेतात, मगच मोड आलेलं बी टाकायचं. पूर्वी जूनभर धार लागायची त्यामुळे अंदाज चुकत नसे. आता काय होतं, पहिला पाऊस जोरात पडतो, लोक घाईत पेरतात आणि मग उघडीप. ऊन पडलं की खालचं मीठ परत वर चढतं, रोपांचे शेंडे जळतात, कोवळं भात दोन दिवसांत पिवळं. २०२३ ला तर मान्सून गोव्यात ११ जूनला आला आणि ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला, खाजनवाल्याला कोरडा ऑगस्ट म्हणजे काय ते खाजनवालाच जाणे.

बदल काय केला म्हणाल तर मागे गेलो. मधल्या काळात बऱ्याच जणांनी ज्योती आणि जया या भाताच्या जाती धरल्या होत्या, उतारा जास्त म्हणून. मी अर्ध्या शेतात परत कोरगुट आणलं, आजा पेरायचा ते, मीठ सोसतं. उरलेल्या अर्ध्यात गोवा धान, जुन्या गोव्याच्या आयसीएआरच्या संस्थेने कोरगुटातूनच निवडून काढलेलं, उंची कमी असल्यामुळे वाऱ्यात लोळत नाही आणि उतारा कोरगुटापेक्षा बरा. दोन्ही ठेवतो.

कारणाचं म्हणशील तर माझ्या मते समुद्र वर येतोय हे खरं आणि मानशीची दारं कुजली हे पण खरं. आमच्याकडे काहीजण समुद्राचं नाव सांगून दारांकडे बघत नाहीत. समुद्र वाढला तर आधी दार नीट पाहिजे ना रे!

मयेकर
वाळपईकर, तुम्ही "खाणीला धरणारा शेतात काही हलवत नाही" लिहिलंत ते मला लागलं. आमच्या डिचोली तालुक्यात खाणींनी जे केलं ते कुठल्या हवामानाने केलेलं नाही. डोंगरावरचा लाल गाळ पावसात शेतात उतरला, विहिरींचं पाणी खाली गेलं, झरी आटल्या. २०१२ ला खाणी थांबल्या, पण गाळ थांबतो का? शेताचा पोत जातो तो एका कोर्टाच्या निकालाने परत येत नाही. अशा माणसाला येऊन कोणी म्हणालं की बाबा, तुझं पीक कार्बनमुळे गेलं, तर तो कसा ऐकून घेईल?

आणि दुसरं, बदल करायला जमीन आपली लागते. आमच्या मये गावात कित्येक वर्षं जमिनी कस्टोडियनच्या, म्हणजे देश सोडून गेलेल्या मालकांची मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या नावावर होत्या, आता कुठे सनदा मिळायला लागल्यात. ज्याचं नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर नाही तो आंब्याची कलमं कशी लावणार, दहा वर्षांनी फळं खाणार कोण? म्हणून तो वर्षाचं पीक घेतो आणि गप्प बसतो. त्याला अडाणी समजू नका.

वाळपईकर
मयेकर, अडाणी अजिबात म्हणत नाहीये, आणि जमिनीचा मुद्दा मी लिहायलाच हवा होता इतका मोठा आहे. कुळांचं तेच. कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कूळ मालक ठरला, पण केसी मामलेदाराकडे पडून, नाव चढलेलं नाही अशी घरं आमच्या वाड्यावर पण आहेत.

फक्त एक सांगतो, गाळ आणि पाऊस मला वेगळे करता येत नाहीत. तोच उघडा डोंगर, पण एका दिवसात महिन्याचा पाऊस कोसळला तर गाळ किती येणार? म्हणजे खाणीचं नुकसान बदलत्या पावसामुळे अजून वाढतं. गाळ अडवायला शेताच्या वरच्या अंगाला तुम्ही काही केलंय का?

मयेकर
चर मारलेत दोन आडवे, आणि कडेने वाळा लावलाय. चर दर वर्षी मे महिन्यात उपसावे लागतात, चतुर्थीपर्यंत परत भरतात. मजूर मिळाला तर होतं, नाही मिळाला तर घरचेच. हे मी खाणीसाठी केलं होतं, हवामानासाठी नाही, पण तुम्ही म्हणता तसं दोन्हीला लागू पडतंय खरं.

निवृत्त मास्तर
पावसाच्या लहरीपणाचं सगळं खापर नव्या काळावर फोडू नये असं मला वाटतं. आमच्या लहानपणीही मिरग कोरडा जायचा, आर्द्रा फसवायची. नक्षत्रांवरून शेती करणारी माणसं मूर्ख नव्हती, त्यांना पाऊस पुढेमागे होतो हे ठाऊक होतं, म्हणून तर रोहिणीत थोडं, मिरगात थोडं असं पेरत. आता एका दिवसात ट्रॅक्टर, एका दिवसात सगळी पेरणी. पाऊस चुकला की सगळंच चुकतं.

आकडेमोड
मास्तर, तुमचं म्हणणं अर्धं पटतं. पाऊस पूर्वीही पुढेमागे व्हायचा. पण आता पुढेमागे होण्याची तऱ्हाच बदलली आहे. गोव्यात किनाऱ्याला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, वाळपईकडे चार हजारांच्या वर, म्हणजे एकूण पाणी कमी झालंय असं नाही. लोक "पाऊस कमी झाला" म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की कामाचा पाऊस कमी झाला, आणि ते बरोबर आहे. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे, १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. तो गोव्याचा नाही, पण त्यात ओलावा पुरवणारा अरबी समुद्र आपलाच आहे आणि तो तापतोय. चक्रीवादळांचं बघा, २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार, मे २०२१ ला तौक्ते.

खुद्द हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या तारखा नव्याने ठरवल्या, वायव्य भारतातून माघार सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबर होती ती १७ सप्टेंबर केली. खात्याचं पंचांग बदललं तर आपलं का नको?

सांखळीची सुमन
ऑक्टोबरचं कोणी बोलत नाहीये म्हणून लिहिते, कारण आमचं सगळं तिथेच जातं. भात पेरताना नाही मरत, कापायच्या वेळी मरतं. कणसं पिकून वाकलेली, आणि दसऱ्यानंतरही पाऊस. कंबाईन शेतात घालता येत नाही, रुततो. चेनचा हार्वेस्टर मिळाला तर मिळाला, त्याचीही सगळीकडून एकदमच मागणी. हाताने कापायला माणसं नाहीत. भात आडवं पडतं, चार दिवस पाण्यात राहिलं की कणसालाच मोड येतात. मी मुठीत धरून बघितलंय, दाण्यातून पांढरा कोंब बाहेर, वास आंबूस. आणि तण, म्हणजे पेंढा पण जातो, मग गुरांना काय घालणार.

"पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" ही म्हण घाटावर चालते, तिथे रब्बीला ओल लागते. आमच्याकडे स्वातीचा पाऊस म्हणजे वर्षाचं भात गेलं.

मग आम्ही काय केलं, आधी सगळी ज्योती पेरायचो, लवकर होते म्हणून. पण २०२५ ला पाऊस २५ मेलाच आला, ज्यांनी लगेच पेरलं त्यांची ज्योती सप्टेंबरच्या भर पावसात पिकली. म्हणजे लवकर येणारी जात हे सगळ्याला औषध नाही. आता खालच्या पाणथळ कोपऱ्यात जया, ती दोनतीन आठवडे उशिरा येते, वरच्या निचऱ्याच्या शेतात ज्योती, आणि पेरणीही एकदम नाही. मास्तर म्हणतात तेच झालं शेवटी. सासरे पहिल्या वर्षी खूप रागावले होते, सगळं शेत एका रंगाचं दिसत नाही म्हणून.

निवृत्त मास्तर
सुमनबाय, तू केलंस ते फार शहाणपणाचं आहे. आणि सासऱ्यांना सांग, पूर्वी एका रंगाचं शेत कुणाचंच नसे.

कुळागर
सावईवेरे, फोंडा. आमचं कुळागर, म्हणजे सुपारी, नारळ, मिरी, थोडी जायफळं अशी एकत्र बाग. आमचा मे महिना म्हणजे बोर्डो. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, शंभर लिटर पाणी, पाऊस लागायच्या आधी घडांवर पहिली फवारणी आणि मग चाळीस पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून दुसरी. हे नाही झालं तर कोळेरोग, कोवळ्या सुपाऱ्या कुजून खाली सडा पडतो. आता २०२५ ला मेच्या विसाव्या तारखेपासूनच धो धो, फवारणारा माणूस पोफळीवर चढणार कसा? खोड शेवाळलेलं, निसरडं, जीवाशी खेळ. ज्यांनी नेहमीप्रमाणे मेअखेर धरली होती त्यांची पहिली फवारणीच राहिली.

इथे तुमच्या धाग्याचा मुद्दा मला तंतोतंत दिसतो. आमच्या वाड्यावर दोन भाऊ, लागून लागून कुळागरं. धाकटा म्हणतो असा मे शंभर वर्षांत एकदा येतो, पुढच्या वर्षी परत मेअखेर. थोरला आता मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकतो, मोबाईलवर मेघदूत हे हवामानाचं अ‍ॅप बघतो, आणि खाली उभं राहून फवारता येईल असा लांब दांड्याचा पंप घेतलाय. दोघांची माती एक, पाणी एक, पाट एक. फरक एवढाच की एकाला हे परत होणार असं वाटतं.

माझी स्वतःची काळजी मात्र पाण्याची जास्त आहे. पाऊस इतका पडूनही एप्रिलात झरीचं पाणी पाटात पोचत नाही. वरचा डोंगर राखला नाही तर कुळागर राहणार नाही, मग जात कुठलीही लावा. त्यामुळे ग्रामसभेत भांडणारे शेतात काही करत नाहीत हे मी मान्य करणार नाही, वरचा डोंगर वाचवणं हीच आमची शेती आहे.

वाळपईकर
कुळागर, शेवटचं वाक्य पूर्ण मान्य. माझं म्हणणं असं वाचा की दोन्ही करणारा माणूस मला हवाय, आणि तो कमी दिसतो.

पेडण्याची
आमच्याकडे हरमलची मिरची, २०२१ ला जीआय मिळालं ती. भात निघाल्यावर लागवड, आणि तोडून सुकवायची एप्रिल मे मध्ये, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या बाजाराला. आता भातच उशिरा निघतं, ओल जास्त राहते, त्यामुळे लावणी पुढे जाते, आणि तिकडून मे मध्ये वळीव लवकर. दोन्हीकडून दिवस कापले जातात. सुकत घातलेल्या मिरचीवर एक सर पडली तरी काळी पडते, मग भाव कुठला?

आम्ही बचत गटातल्या बायकांनी मिळून वरती प्लास्टिकचा कागद लावलेली सुकवणी केली, खालून हवा खेळते, पाऊस आला तरी धावपळ नाही. आणि रोपं पावसातच आडोशाला तयार करून ठेवतो, शेत मोकळं झालं की लगेच लावायची. बी घरचंच, पण आता फक्त मोठी मिरची बघून नाही ठेवत. जे झाड शेवटपर्यंत उभं राहिलं, बोकडलं नाही, त्याची ठेवतो, राखेत घोळवून.

एक सांगू का, घरात हवामानावर बोलतात ते पुरुष, पण बी कुठलं ठेवायचं ते बायका ठरवतात. या विषयावरची मिटिंग असली की बोलावणं मात्र ज्याच्या नावावर कृषी कार्ड त्यालाच. माझ्या सासूला विचारा, चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला लागणारी कांगलां, घागऱ्या, आंबाडे ही फळं कुठल्या वर्षी लवकर झाली, कुठल्या वर्षी चतुर्थीला मिळालीच नाहीत, तिला सगळं पाठ आहे. हे कोणी लिहून घेत नाही.

आकडेमोड
पेडण्याची ताई, तुमच्या सासूबाईंना सांगा की त्यांनी हे सगळं सांगावं आणि तुम्ही वर्षवार वहीत लिहून काढा, प्लीज. फुलाफळांच्या वेळा हा हवामान बदलाचा फार चांगला पुरावा असतो.

शिरोडकर_पुणे
मी नुसता वाचत होतो पण आता लिहितो. नोकरी पुण्यात. शिरोड्याला आमचं खाजन आहे, बाबा गेल्यापासून पडीक. बांध एकदा फुटला, खारं पाणी आत आलं, आता अर्ध्या भागात खारफुटी वाढली आहे. चुलते म्हणतात समुद्रच वाढतोय, आता ती जमीन गेली, विसर. मी पण तसंच धरून होतो. दिवाडकरांचं वाचून विचार करतोय, खरंच काही होऊ शकतं का? की उगाच पैसे घालणं?

दिवाडकर
शिरोडकर, होऊ शकतं पण क्रम चुकवू नको. आधी बांध आणि मानस, बी सगळ्यात शेवटी. एकट्याचं काम नाही, कूळ संघ आहे का बघ, आजूबाजूचे चारपाच जण तयार झाले तरच हात घाल, कारण बांध एका जागी फुटला तरी सगळ्यांच्या शेतात पाणी. खारफुटीला हात लावू नको, परवानगीशिवाय कापता येत नाही, आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाची तर राहूच दे, लाटांचा मार तीच खाते. जो भाग मोकळा आहे तेवढाच धर.

मे महिन्यात माती तपासून घे, क्षार किती ते कळेल. मग मानस दुरुस्त असेल तर पहिल्या पावसाचं पाणी शेतात साठवायचं आणि ओहोटीला सोडायचं, असं परत परत, मीठ धुऊन निघतं. पहिल्या वर्षी फक्त कोरगुट. उतारा मोजू नको, उभं राहिलं तर जमीन जिवंत आहे समज. समुद्र वाढतोय हे चुलत्यांचं खरं आहे, पण आज ती जमीन समुद्राने नाही, फुटक्या बांधाने गेलेली आहे, आणि बांध माणसाच्या हातचा आहे.

मयेकर
हे मला पटलं दिवाडकर.

शिरोडकर_पुणे
खूप आभार. चुलत्यांना हे वाचून दाखवतो. बी कुठे मिळेल?

दिवाडकर
बियाणं मी देतो, विकत नको. पिकलं तर पुढच्या वर्षी तेवढंच परत कर, नाहीतर तिसऱ्या कोणाला दे. फक्त रोहिणी लागायच्या आधी सांग, कारण मी बाकीचं कांडायला काढतो. आणि इकडे एकदा येऊन आमची मानस बघून जा, दार कसं बसवलंय ते फोटोत कळत नाही.

शिरोडकर_पुणे
मेच्या सुरुवातीला येतो, चुलत्यांना घेऊनच. पौर्णिमेच्या उधाणाला आलो तर चालेल ना?

दिवाडकर
तेव्हाच ये. भरती लागायच्या आत पोच, दार मिटताना बघायचं आहे. आणि मोजायला टेप आण, लाकडाची मापं तिथेच घेऊ.